बॉलला शेपूट

११ नोव्हेंबर २००७, रविवार

बॉलला शेपूट आहे!

काल संध्याकाळी नवा टीव्ही आला. बत्तीस इंची एलसीडी, भिंतीला टांगायचा. गणपतरावच्या दुकानातली दोन माणसं आली, भिंतीला भोकं पाडली, बाबासाहेबांचा फोटो हातभर डावीकडं सरकवला. हिनं तो तीनदा सरळ करून घेतला. जुना डबा गणपतरावनं बदल्यात नेला. चौदा वर्षं चालला बिचारा. टेम्पोत चढवताना माझ्याच्यानं बघवेना.

आज दुपारी परदेशातली फुटबॉलची मॅच लागली होती. मैदान काय, गवताची पाती मोजून घ्या! मग एकानं लांब किक मारली आणि बॉलच्या मागं पांढरा फराटा. माणसं पळायला लागली की त्यांच्या पायांचा लगदा होतो. थांबली की पुन्हा माणसं.

गणपतरावला फोन केला. म्हणाला, "नवीन हाय सर अजून. बसंल हळूहळू." टीव्ही म्हणजे काय वहाण आहे, घालून घालून बसायला?

१८ नोव्हेंबर

बातम्यांच्या खाली पट्टी पळते ती मला वाचता येत नाही. अक्षरं एकमेकांत घुसतात. ही म्हणाली, "मला येतीया की." वाचून दाखव म्हटलं. "जिल्ह्यात आज..." इथपर्यंत आली आणि मग गप्प. तरी हट्ट सोडला नाही. वाचता येतं म्हणजे येतंच.

संध्याकाळी गणपतराव जेवायला आला. रस्सा दोनदा घेतला. त्याला पट्टी दाखवली. डोळे बारीक करून बघितलं त्यानं. "मला तर झ्याक दिसतंय. वय झालं की वो सर तुमचं! चष्मा बघा आता." सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या बोलण्याचा राग येत नाही. सव्वीस वर्षं झाली दोस्तीला. तो गोलकीपर, मी हाफ. गुडघे गेले तेव्हा मी पंचाची शिट्टी धरली आणि त्यानं राजारामपुरीत टीव्हीचं दुकान टाकलं. आता पंच मंडळाचा सेक्रेटरी तोच. मी आठवडाभर शाळेत पोरं पळवतो आणि रविवारी मैदानावर मोठी.

६ डिसेंबर

सकाळी बिंदू चौकात पुतळ्याला हार घालून आलो. मग शाळा. टीव्ही लावला नाही.

३ फेब्रुवारी २००८

दोन महिन्यांनी वही उघडली ती या बातमीसाठी. फायनलचा पंच मी!

मशाल तालीम आणि रणझुंजार मंडळ, दोन तालमींचे संघ. एका बाजूची गल्ली दुसऱ्या बाजूच्या गल्लीत सहा महिने चहाही पीत नाही, अशी मॅच. दादांनी घरी बोलावून सांगितलं. दादा म्हणजे पंच मंडळाचे अध्यक्ष. सत्तरी उलटली, पण दिलेला शब्द कधी फिरवला नाही. म्हणाले, "बाळासो, ही मॅच तुमच्याबिगर कुणाच्यानं हुणार न्हाई." आमच्या गल्लीतनं फायनलला शिट्टी वाजवणारा मी पहिला. ही गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही, मीही नाही. घरी येऊन हिला सांगितलं. ती उठून आत गेली आणि साखर घेऊन आली.

१० फेब्रुवारी, रविवार

कपाळावर एक हात दाबून लिहितोय. अक्षर वाईट येणार.

मशाल एक, रणझुंजार शून्य. सत्तर मिनिटं झालेली. रणझुंजारच्या पोरानं मारलेला बॉल वरच्या दांडीला खालून लागला, जमिनीवर आपटला आणि बाहेर आला. सगळं मैदान ओरडलं, गोल! मी नाही दिला. बॉल रेषेवर पडला होता. अख्खा बॉल रेषेच्या पलीकडं गेल्याशिवाय गोल नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. लाइनमन मागं राहिला होता, त्याचं निशाण खालीच. म्हणजे निर्णय माझा एकट्याचा. मी दहा पावलांवर होतो. डोळ्यांनी बघितलं.

मग चपला, बाटल्या, विटांचे तुकडे. पोलिसांच्या गाडीतनं घरी आलो. कपाळावर खोक पडली आहे, हिनं हळद दाबली.

खोकेचं काही नाही. "शिट्टी इकली!" असं दोन-तीनदा कुणी तरी ओरडलं. ते टोचतंय. मॅचच्या दिवशी मी कुणाच्या घरचं पाणी पीत नाही. वीस वर्षांत नाही प्यालो.

१२ फेब्रुवारी

केबलवाला पिराजी दर मॅचचं शूटिंग करतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चॅनेलवर दाखवतो. या वेळी दादांनी त्याला बंदी केली. "कॅसेट लावशील तर गल्ल्या पेटतील." कालच सेक्रेटरी म्हणून गणपतराव जाऊन कॅसेट घेऊन आला. उद्या त्याच्या दुकानात सगळ्यांसमोर बघायची. दोन्हीकडची पाच-पाच माणसं, दादा, आणि मी.

बरं झालं. एकदा दिसू दे सगळ्यांना.

१३ फेब्रुवारी

गणपतरावनं केलं. गणपतरावनं!

सगळं लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

दुकानाचं शटर अर्धं खाली. मधोमध चाळीस इंची एलसीडी, त्याचा सगळ्यात महागाचा. दादा खुर्चीत, बाकी सगळे उभे. कॅसेट लावली. तो क्षण आला. पोरानं किक मारली, पिराजीनं कॅमेरा गर्रकन वळवला आणि अख्खं चित्रच फरफटलं. दांडी वाकडी, माणसं म्हणजे रंगाचे ओघळ. पंचाच्या कपड्यातला मी, एक काळा डाग. बॉल कुठं आहे? पांढऱ्या रेषेवर पांढरा फराटा. चार वेळा बघितलं. थांबवून बघितलं तर चित्रावर आडव्या रेघा नाचायला लागल्या आणि एकाच्या जागी दोन बॉल!

दादा म्हणाले, "सर, तुमीच सांगा. कुठं हाय बॉल?"

आता काय सांगू? मला तिथं दिसत नव्हता. तरी पुढं होऊन काचेवर बोट ठेवलं. रणझुंजारचा कप्तान म्हणाला, "सर, त्यो गोलकीपरचा बूट हाय." असे हसले सगळे! मशालवालेसुद्धा, ज्यांच्या बाजूनं निकाल होता ते.

तेवढ्यात गणपतराव पुढं आला. मला वाटलं, आता हा सांभाळून घेणार. "दादा, एक सांगतो. सरांची नजर आता पयल्यासारखी न्हाई ऱ्हायली. घरच्या टीव्हीवरची बातम्यांची पट्टी वाचता येत न्हाई त्यास्नी. मी सोता बघितलंय. माणूस सोन्यावानी हाय, पर डोळं गेलं. त्यात त्यांचा काय दोष?"

माझ्या घरी बसून, माझ्या ताटातलं जेवून बघितलेली गोष्ट! सव्वीस वर्षांची दोस्ती आणि दहा-बारा माणसांसमोर हे!

आणि गंमत अशी की सगळे एकदम निवळले. रणझुंजारचा जो माणूस मला आत शिरताना खाऊ का गिळू करत होता, तोच जवळ येऊन म्हणाला, "आदी सांगायचं नव्हं का सर, आमी काय परकं हाय?" माझ्या पाठीवर हात ठेवला त्यानं. असा हात म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवतात. त्यापेक्षा विटा परवडल्या.

दादांनी निकाल दिला. फायनल एप्रिलमध्ये पुन्हा खेळवायची. डोळ्यांचं सर्टिफिकेट आणेपर्यंत सरांनी शिट्टी पंच मंडळात जमा करायची. मंडळाची पद्धत आहे, शिट्टी मंडळ देतं आणि मंडळच परत घेतं. गळ्यातली दोरी काढली आणि गणपतरावच्या काउंटरवर ठेवली. त्यानं ती उचलली. माझ्याकडं बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी

शाळेची शिट्टी वेगळी आहे. पण तीही वाजवली नाही. टाळ्या वाजवून पोरं पळवली.

२० फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. बरोबर कुणाला नेलं नाही. भिंतीवरची अगदी खालची ओळ वाचून दाखवली, मग छापणाऱ्याचं बारीक नावही वाचलं. डॉक्टर हसले. "जवळचा चष्मा आहे तोच ठेवा. लांबची नजर म्हणाल तर या वयात अशी मी फार बघितली नाही, सर."

सर्टिफिकेट खिशात घालून रंकाळ्यावर जाऊन बसलो. पलीकडच्या काठाला एक माणूस म्हशी धूत होता. म्हशी मोजल्या. सात. तो उठून चालायला लागला, तरी त्याच्या हातातली बादली स्वच्छ दिसत होती. बादलीला शेपूट नव्हती.

मग टीव्हीतच का?

२३ फेब्रुवारी, शनिवार

श्रुती पुण्याहून आली. माझी लेक, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. कपाळावरची खूण बघून आधी चिडली, मग सगळं ऐकून जास्तच चिडली. "पप्पा, तुमच्या डोळ्यांना काही झालं नाही. ह्यो टीव्हीचा दोष हाय. सगळ्या एलसीडींचा हाय. आणि हे टीव्ही विकणाऱ्या माणसाला म्हाईत नसंल?"

तासभर समजावून सांगितलं तिनं. मला कळलं ते असं. जुन्या डब्यात चित्र क्षणभर पेटतं आणि विझतं, पुन्हा पेटतं, पुन्हा विझतं. आपल्याला ते विझणं कळत नाही, पण त्यामुळं बॉल दरवेळी नव्या जागी लख्ख दिसतो. एलसीडीत चित्र विझतच नाही. पुढचं येईपर्यंत ते तसंच उजेडात उभं. डोळा मात्र बॉलबरोबर पुढं सरकत असतो. चित्र थांबलेलं, डोळा चालता, म्हणून फराटा ओढला जातो. त्यात या पडद्याच्या ठिपक्यांना रंग बदलायलाही वेळ लागतो. म्हणजे एक शेपूट डोळ्यात आणि दुसरी काचेत.

मग ती रिमोट घेऊन बसली. चित्र भडक करणारा मोड काढला. चित्र स्वच्छ करण्याच्या नावाखाली दोन चित्रं एकमेकांत मिसळणारी काही तरी भानगड होती, ती बंद केली. व्हिडिओ गेम खेळायचा एक मोड आहे, तो लावला. चित्र जरा फिकं झालं. पण पट्टी! पट्टीतली निम्मी अक्षरं वाचता आली! ही म्हणाली, "मी म्हनतच हुते, येतीया वाचाय."

पूर्ण उपाय आहे का? श्रुती म्हणते, नवे महाग टीव्ही आलेत. काहींत दोन चित्रांच्या मध्ये पडदा क्षणभर काळा करतात, जुन्या डब्यासारखा. काहींत टीव्ही स्वतःच मधलं चित्र तयार करून घालतो. बॉल इथं होता, मग तिथं होता, तर मधे या जागी असणार, असा अंदाज करून.

म्हटलं, म्हणजे न घडलेलं दाखवतो? "तसंच काय तरी. पर लोकांना आवडतं पप्पा, गुळगुळीत दिसतं." मला नाही आवडलं. अंदाजानं दाखवायचं तर खेळ कशाला खेळायचा!

डोळ्यात पाणी आलं ते मात्र बरं वाटून. मी आंधळा नाही. दहा दिवस रस्त्यातनं जाताना मी प्रत्येक पाटी मुद्दाम वाचत होतो, वेड्यासारखा.

२४ फेब्रुवारी

गणपतरावच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं. भिंतीवरच्या सगळ्या एलसीडींवर एकच सीडी चालू. रंगीत मासे, संथ पोहणारे. फुलं, हळूहळू उमलणारी. बर्फाचे डोंगर, ते तर हलतच नाहीत! एकाही पडद्यावर मॅच नाही. इतकी वर्षं या दुकानात बसून चहा प्यालो आणि हे ध्यानात आलं नाही माझ्या.

गिऱ्हाईक गेल्यावर सर्टिफिकेट काउंटरवर आपटलं. फराट्याचं सगळं सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"धंदा हाय सर. मॅच लावली तर टीव्ही खपंल का? मासं लावतो."

म्हणजे नोव्हेंबरात माझ्या घरात बसून, फराटा स्वच्छ दिसत असताना मला म्हातारा म्हणून गेला! यापुढं घाला मासे त्या टीव्हीत! पण ते एक वेळ सोडलं. टीव्ही विकायला माणूस खोटं बोलतो. मागच्या फळीवर जुन्या पद्धतीचा एकोणतीस इंची डबा होता, चालू, बातम्या लागलेल्या. तेरा तारखेलाही तिथंच होता. मला आठवतंय.

"मग त्या दिवशी कॅसेट त्यावर का नाही लावली?"

तो फडकं घेऊन काउंटर पुसायला लागला.

"बोला की!"

"सर, जाऊ द्या आता. झालं ते झालं. तुमचं नाव कुठं खराब झालंय का? न्हाई न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की."

नाव खराब झालं नाही! आंधळा ठरवून बसवलं, हे चांगलं नाव? उठून आलो. चहा पुढ्यात होता, तसाच सोडला.

२ मार्च, रविवार

आज कळलं. माझ्या जागी पंच म्हणून केरबाला घेतलंय. केरबा म्हणजे गणपतरावचा सख्खा मेव्हणा. एप्रिलमधली फायनलही त्यालाच मिळणार म्हणतात.

आता सगळं जुळलं. डबा बाजूला आणि एलसीडी मधे कशासाठी, ते जुळलं. माझ्या घरातली पट्टी चव्हाट्यावर कशासाठी आणली, तेही जुळलं. मेव्हण्यासाठी!

तारेच्या कुंपणाला धरून मॅच बघितली. केरबा वाईट नाही, पण बॉलच्या मागं मागं पळतो. पंचानं बॉलच्या मागं पळायचं नसतं, बॉल जाणार तिथं आधी जायचं असतं. मागनं कुणी तरी ओरडलं, "सर, दिसतंय का हितनं? का नंबर सांगू?" शेजारच्यानं त्याला दटावलं, "गप ए, म्हातारं माणूस हाय." मी बावन्न वर्षांचा आहे.

५ मार्च

दादांना अर्ज लिहिला. तीन पानी. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं, श्रुतीनं काढून दिलेली आकृती जोडली. नुसत्या सर्टिफिकेटवर शिट्टी परत नको. मागणी एकच. तीच कॅसेट जुन्या डब्यावर, दोन्ही तालमींसमोर पुन्हा दाखवावी. बॉल रेषेवर होता हे सिद्ध झालं तर माझी शिट्टी मला मानानं परत मिळावी. मी पाच पावलांवर होतो, हेही लिहिलं.

पोस्टानं नाही पाठवला. हातात दिला.

९ मार्च

गणपतराव आला होता. स्कूटर बंदच केली नाही, दारातच उभा. ही म्हणाली आत या, तर नको म्हणाला.

"सर, अर्ज मागं घ्या."

"का?"

"मी सांगतोय म्हणून घ्या."

"केरबाची फायनल जाईल म्हणून?"

असा बघितला माझ्याकडं, जणू मीच त्याचं काही चोरलंय! "केरबा? आत्ताच्या आत्ता काढतो केरबाला. लिहून देतो. पर कॅसेट नगा दाखवाय लावू सर. पाया पडतो तुमच्या."

"घाबरलास तू," म्हटलं. कधी काळी मैदानात अरे-तुरे करायचो, त्यानंतर आजच. "लोकांना दिसेल ना, तू एलसीडी मुद्दाम मधे ठेवलास ते! तुझे मासे, तुझा मेव्हणा, सगळं दिसेल."

मान खाली घालून गेला. पाया पडतो म्हणे! आमच्यात कधी असली भाषा नव्हती. दोन तास घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. शत्रूनं केलं असतं तर इतकं झालं नसतं. ज्याच्यासाठी रात्रीची झोप मोडून दवाखान्यात बसलो, त्यानं केलं. त्याची आई गेली तेव्हा खांदा दिला होता मी. तेव्हा त्याच्या भावकीतले दोघं तोंड वाकडं करून बाजूला झाले, तर यानं त्यांना सुनावलं होतं, "सर पुढं ऱ्हातील, तुमी मागनं या." तोच माणूस हा! कुठं गेला तो?

१२ मार्च

दादांनी अर्ज मान्य केला! येत्या रविवारी, सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजता. मशाल तालमीच्या हॉलमध्ये. दोन्ही तालमींना निरोप गेले. कॅसेट पिराजीकडं परत दिली आहे, मशीन तोच जोडणार. एकोणतीस इंची डबा गणपतरावनं दुकानातनं आणून द्यायचा, असा दादांचा हुकूम. त्याच्याच हातानं!

शाळेत सांगितलं. हेडमास्तर येणार. दहावीची फुटबॉलची पोरं येणार. श्रुती शनिवारी रात्री पोचेल. आमच्या गल्लीतली पंचवीस-तीस माणसं म्हणाली, सर, आमी एकत्रच येतो, टेम्पो ठरवतो. नको म्हटलं, चालत जाऊ. सगळ्यांनी मिळून चालत जाऊ.

१३ मार्च

जेवताना ही म्हणाली, "तुमी पक्कं बघितलं हुतं न्हवं?"

ताटावरनं उठलो. हिनंही!

सगळ्या जगाला मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतोय आणि घरात बायको विचारते, पक्कं का? नंतर वाईट वाटलं. ती भांडी घासत होती, तिथं जाऊन म्हटलं, अगं, तीन पावलांवर होतो मी. तिनं मान हलवली, पण वर बघितलं नाही.

१५ मार्च, शनिवार

दुपारी पिराजीकडं गेलो. उद्या ऐनवेळी मशीन अडायला नको, एकदा चालवून बघू म्हटलं. त्याच्या खोलीत जुना एकवीस इंची डबा आहे. त्यावर लावली.

फराटा नाही. बॉल स्वच्छ. दांडीला लागला, खाली आला, रेषेच्या आत पडला. चांगला वीतभर आत. गोल.

आणि मीही स्वच्छ. काळा डाग नाही, मी. मैदानाच्या मधल्या रेषेजवळ उभा, पळतही नाही. तोंड गोलकडं नाही. मान वळवून गॅलरीकडं बघतोय. बॉल बाहेर आल्यावर लोक ओरडले, तेव्हा वळलो, आणि हात हलवला. नाही म्हणून.

गॅलरीतनं तेव्हा कुणी तरी आमच्या गल्लीचं नाव घेऊन काही बोललं होतं. महिनाभर आठवलं नाही, आत्ता आठवलं. काय बोललं ते लिहीत नाही. मी बघितलंच नव्हतं. एवढंच खरं.

पिराजी माझ्याकडं न बघता म्हणाला, "गणपतराव कॅसेट न्यायला आलतं, तवा हितंच बसून चार येळा बघितलं त्यांनी. मग म्हणालं, पिराजी, डोळं गेलं म्हटलं तर लोक सरास्नी माफ करतील, ह्ये बघितलं तर न्हाई करणार. तू काय बघितलं न्हाईस. मीबी कुणाला बोललो न्हाई सर."

उद्या अकरा वाजता दोन्ही तालमी येणार आहेत. गल्ली येणार आहे, शाळेची पोरं येणार आहेत. मीच बोलावलंय सगळ्यांना.